शेऱ्याचा रकाना

लुसाकाहून निघाले तेव्हा पिशवीत
सतरा पानी तक्ता, दोन पेनं, क्लोरीन तपासायच्या नळ्या
आणि पाणी कंपनीनं स्वतःच कळवलेला आकडा:
पुरवठा रोज सरासरी सोळा तास.

सरासरी कुणाच्याच नळाला येत नाही,
हे मला नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात कळलं.
ती येते फक्त वार्षिक अहवालात,
निळ्या खांबासारखी ताठ,
गेल्या वर्षीच्या खांबापेक्षा बोटभर उंच.

तांब्याच्या पट्ट्यातलं हे गाव.
बाना कासुबानं मला खुर्ची दिली,
मग दार लावून घेतलं.
दाराच्या आतल्या अंगाला कोळशाच्या रेघा.
एक रेघ, एक तास.
सोमवारी तीन.
मंगळवारी दोन, आणि एक अर्धी.
"अर्धी, कारण मध्येच नुसता वारा आला.
मीटर वाऱ्यानंही फिरतो बाई,
मी हवेचं बिल भरलंय."

नवरा खाणीत होता तेव्हा पाणी खाणीचं होतं.
दिवा खाणीचा, दवाखाना खाणीचा,
फुटबॉलचा संघसुद्धा.
खाण विकली गेली, आणि जमिनीखालचे पाइप
कुणाच्या यादीत धरायचे
यावर कागद फिरत राहिले,
पाइप गळत राहिले.
मग कायदा आला, कंपनी आली,
कंपनीवर नजर ठेवायला आम्ही आलो.
आमच्यावर नजर ठेवायला
हे दार असावं.

नळीत गुलाबी रंग उमटायला हवा.
उमटला,
मी डोळे बारीक केल्यावर.

कुंपणापाशी चिसांगा उभा होता.
संडासाचे खड्डे उपसतो.
परवाना दाखवला, प्लास्टिकमध्ये जपलेला,
खाली आमच्याच कार्यालयाचा शिक्का.
"आधी हे काम रात्री करायचो,
सकाळी कुणी ओळख देत नसे.
आता दिवसा करतो. बूट आहेत. हातमोजे आहेत."
थांबला जरा.
"ओळख अजून देत नाहीत."
गाळ कुठे नेता, मी विचारलं.
त्यानं सरकारी तळ्यांचं नाव घेतलं.
तळी बावीस किलोमीटरवर,
डिझेल मिळतं बारा किलोमीटरचं.
उरलेल्या दहांबद्दल
त्यानं ओढ्याकडे पाहिलं,
मी तक्त्याकडे.

तीन तास लिहिले तर कंपनीला दंड.
दंड जाणार नव्या पाइपच्या पैशातून.
सोळा लिहिले तर दरवाढ मंजूर,
आणि बाना कासुबा वाऱ्याचे आणखी पैसे मोजणार.
शेऱ्यासाठी रकाना दोन ओळींचा.
छापणाऱ्यानं कुठल्या गावात बसून
दोनच ओळी पुरतील असं ठरवलं असेल?

चार वाजून दहा मिनिटांनी नळ खोकला.
गल्लीभर भांड्यांचा आवाज,
पोरं, पिवळे डबे, एक न्हाणीचं टब,
कुणीतरी कुणाला तरी शिवी.
पहिलं पाणी तांबूस, ते झाडाला.
दुसरं भांड्यात.
चिसांगानं हातमोजे काढून ओंजळ पुढे केली.
बाना कासुबानं मग उचलला,
हात उंच नेला
आणि वरून धार धरली,
बारीक, नेमकी, वर्षांच्या सवयीची.
मगाची कड आणि त्याची बोटं
यांत वीतभर अंतर.
तोही त्याच सवयीनं वाकला होता.
धार हातांवरून घरंगळून मातीत गेली.

मी नोंद केली: दाब कमी.

वीस मिनिटांनी नळ थांबला.
तिनं दार लावलं,
कोळशाचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला.
"आजची रेघ तुम्हीच मारा," म्हणाली,
"किती लांब मारायची, तुम्हाला माहीत."
तपासणीस: इनोंगे लुबिंदा. सही झाली होती आधीच.
बोटं काळी झाली, तरी मी
दारासमोर उभीच.